गोळी आणि चंद्रीचं दूध

२९ जुलै

योगिनी मॅडमनी सांगितलं म्हणून लिहायला बसलोय. या मॅडम आमच्या दवाखान्यातल्या. डॉक्टरांचं तपासून झालं आणि पेशंट घरी गेला की त्याची खबरबात ठेवायचं काम यांच्याकडे. म्हणाल्या, "काका, गोळी कधी दिली, हात किती थरथरला, चालणं कसं आहे, रोज दोन ओळी लिहीत जा." दोन ओळींत माणूस मावतो होय? म्हणून त्यांच्यासाठी वेगळा कागद केलाय, आणि पतसंस्थेची ही डायरी माझी. ही कुणाला दाखवायची नाही.

आजार नवसाला आहे, म्हणजे माझ्या बायकोला. कंपवात. आधी उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासायला लागला, जशी काही तंबाखू मळतेय. मी चेष्टा करायचो, "आता चुनाबी आणू का?" आता चेष्टा सुचत नाही. याच हातानं तिनं आयुष्यभर शेवंतीचे आणि मोगऱ्याचे गजरे ओवले. मखमलाबादला आमचा दहा गुंठ्यांचा फुलांचा तुकडा होता तेव्हा फूलबाजारात "नवसाबाईचा गजरा" म्हणून मागून घ्यायचे लोक. आता तिला ब्लाउजचे हुक लागत नाहीत. ते मी लावतो.

डॉक्टर काय बोलले ते इथं लिहून ठेवतो, कारण कुंदनला, आमच्या मुलाला, मी सगळं सांगितलेलं नाही. म्हणाले, "या गोळीनं फरक पडायला पाहिजे. दिवाळीपर्यंत बघू. नाहीच पडला तर हा साधा कंपवात नसेल, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार असेल. त्याच्यावर आपल्याकडे फारसं काही नाही." फारसं काही नाही म्हणजे काय, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही. नवसा बाहेर बाकावर बसली होती.

गोळी जेवणाआधी, रिकाम्या पोटी द्यायची आहे. पहिल्या दिवशी पाण्याबरोबर दिली तर तिला मळमळलं आणि उलटी झाली. गोळी उष्ण आहे, दुसरं काय. तेव्हापासून चंद्रीच्या दुधाबरोबर देतो. चंद्री आमची शेवटची म्हैस. तीन वेळा गोळी, तीन वेळा पेलाभर दूध. उलटी थांबली. वडिलांपासून दुधाचा धंदा आमचा, एवढं तर कळतंच.

२ ऑगस्ट

आज नवसाची वेणी मी घातली. तिचा हात मागे पोहोचत नाही. घालून झाल्यावर तिनं आरशात बघितलं आणि म्हणाली, "म्हशीच्या शेपटीला गाठ मारल्यासारखी झालीय." चेहऱ्यावर मात्र काहीच नाही. या आजारात चेहरा हलत नाही म्हणे, आतून हसलं तरी बाहेर दिसत नाही. मला मात्र वाटतं की ती रागावलीच आहे. दिवसभर तसंच वाटत राहतं.

तिचं हसू कसं होतं ते आठवत बसलो. फुलं तोडायला पहाटे बाया यायच्या, त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं हिचंच हसणं. मी सायकलला दुधाचे कॅन लावून पंचवटीकडे निघायचो, तर ते पार पाटापर्यंत ऐकू यायचं. पाट आता बुजवला, त्यावरून रस्ता गेला. फुलांच्या तुकड्यावर सात मजली इमारत आहे. तिथली माणसं गॅलरीतून चंद्रीच्या शेणाबद्दल तक्रार करतात, आणि सकाळी दूध मात्र तिचंच लागतं त्यांना.

१२ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. नवसाचा उपास. मी म्हटलं, या वर्षी राहू दे, गोळ्या चालू आहेत. ऐकेल तर ती नवसा कसली. पण अडचण काहीच आली नाही. दूध उपासाला चालतंच, म्हणजे ते खाण्यात धरत नाहीत. देवाचंही राहिलं, डॉक्टरांचंही राहिलं.

दुपारी योगिनी मॅडमचा फोन आला. "गोळी रिकाम्या पोटीच देताय ना काका?" मी म्हटलं, "एकदम रिकाम्या पोटी. आज तर कडक उपास हे." त्या हसल्या. फरक विचारला. मी म्हटलं, हळूहळू पडेल.

फरक काही नाही. उंबऱ्यापाशी आली की तिचे पाय जमिनीला चिकटतात. पुढचं पाऊल उचलतच नाही. मी समोर उभा राहून, "ये, ये," करतो. लहानपणी कुंदनला चालायला शिकवलं तसं.

२७ ऑगस्ट

आज दवाखान्यात गेलो होतो. गोळी वाढवली, आता अर्ध्याची एक झाली. डॉक्टर कागदाकडे बराच वेळ बघत होते. मला त्या बघण्याची भीती वाटते.

येताना रिक्षात नवसा म्हणाली, "दूध थोडं कमी द्या. पेला लय मोठा हे." आजारानं तोंडाची चव जाते, असं मॅडम बोलल्याच होत्या. नाहीतर दुधाला नको म्हणणारी ही बाई नव्हे. मी तिला लग्नाची आठवण करून दिली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यातून फेसाळ दुधाचा पेला भरून थेट चुलीपाशी नेला होता. आई बघत होती, तरी नेला. घोटीकडची, भाताच्या मुलखातली पोर, अंगावर मूठभर मांस नाही. तिनं पदर नाकाला लावला, डोळे मिटले आणि एका दमात पेला रिकामा केला. लाजली होती. मला तेव्हा जे वाटलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला वाटलं, आपण दिलेलं इतक्या आवडीनं घेणारं माणूस आपल्याला मिळालंय. त्या दिवसापासून रोज सकाळचा पहिला पेला तिचा. गिऱ्हाईक नंतर. बाळंतपणात, तापात, भांडणातसुद्धा कधी चुकला नाही.

हे सगळं सांगितलं तर ती रिक्षाच्या बाहेर बघत राहिली. घरी आल्यावर पेला पूर्ण घेतला.

९ सप्टेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. गणपतीत कुंदन आणि मनीषा येऊन गेले. सूनबाईनं विचारलं, "आप्पा, आईंना बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, फस्क्लास. नवसाचा हात ताटातच थरथरत होता, मोदकावरचं तूप सांडलं.

वाढवलेल्या गोळीनंसुद्धा काही नाही. मग दुसराच आजार असेल का? त्यावर फारसं काही नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात माशीसारखं फिरतं.

२२ सप्टेंबर

काल येवल्याला जावं लागलं. बहिणीच्या, बायडाबाईच्या मालकांचं पहिलं पित्र होतं, भाऊ म्हणून टाळता येईना. मनीषा पाथर्डी फाट्यावरून राहायला आली. तिला गोळ्यांचं सगळं नीट समजावलं आणि दूध तापवून ठेवून गेलो. संध्याकाळची गाडी चुकली, म्हणून आज दुपारी परत आलो.

फाटक उघडतो तर नवसा अंगणात. एकटी. काठी नाही, कुणाचा हात नाही. चंद्रीपुढे उभी राहून तिच्याशी बोलत होती. मला बघून चार पावलं चालत आली आणि, खोटं लिहीत नाही, हसली. अर्धंच, पण हसली.

"काय केलंस गं हिला?" मी मनीषाला विचारलं.

"मी काय करणार आप्पा? गोळ्या दिल्या, गप्पा मारल्या. काल रात्री आईंनी माझ्याबरोबर मेथी निवडली."

दुधाचं विचारलं तर म्हणाली, "आई नको म्हणाल्या. मग मी विरजण लावून टाकलं." दोन दिवसांचं दूध दह्यात घातलं! मला राग आला, पण नवसाला अंगणात बघून गिळला.

२४ सप्टेंबर

पुन्हा तेच. मनीषा काल सकाळी गेली. मी पहिल्यासारखं सगळं वेळेवर सुरू केलं, एक गोळी चुकू दिली नाही, आणि आज नवसा पुन्हा उंबऱ्यात अडकली. चेहरा पाटीसारखा कोरा.

दिवसभर विचार करतोय. मी नव्हतो तर ती बरी होती. मी आलो आणि पुन्हा बसली. मग मीच तिला जड झालोय की काय? दिवसभर तिच्या मागे मागे असतो, हे घे, ते घे, सावकाश, पडशील. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली. सूनबाईबरोबर एका दिवसात जी हसली ती माझ्याबरोबर दोन महिन्यांत हसली नाही. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, फार वाईट वाटलं.

३० सप्टेंबर

ठरवलं. तिला कुंदनकडे पाठवायचं. तिथं लिफ्ट आहे, मनीषा आहे. चंद्रीमुळे मला इथून हलता येत नाही, तेव्हा मी इथं आणि ती तिथं. कुंदनला फोनवर सांगितलं.

नवसाला सांगितलं तर म्हणाली, "मी काय केलं?"

"तू काय करणार? तुला तिथं बरं वाटतं."

"कुनी सांगितलं तुमाला?"

"मी बघितलं ना."

रात्रीचा पेला घेताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एकाच घरात दोघं म्हातारे आणि दोघंही रुसलेले. आई असती तर दोघांना फटकावलं असतं.

५ ऑक्टोबर

आजचं कसं लिहू?

पेशंटचं घर बदलणार असं मी फोनवर सांगितलं, म्हणून योगिनी मॅडम आज घरी आल्या. जिथं न्यायचं तिथलं आणि आत्ताचं, दोन्ही घरं बघायची असतात म्हणे. न्हाणीघर बघितलं, खाटेची उंची बघितली, नवसाला उठायला-बसायला लावलं. तेवढ्यात दुपारच्या गोळीची वेळ झाली. मी म्हटलं, "बघाच मॅडम आता, किती नेमानं देतो." डबी काढली, गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि सायीसकट दुधाचा पेला पुढे केला.

"थांबा काका. हे काय?"

"दूध."

"गोळीबरोबर?"

"मग? उष्ण पडती ना गोळी. पयल्या दिवशी उलटी झालती."

"पण तुम्ही तर रिकाम्या पोटी देतो म्हणाला होता."

"रिकाम्याच पोटी हे की! दूध काय खाणं असतं व्हय? उपासाला चालतं ते."

मॅडम खुर्चीत बसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ही गोळी पोटातून अंगात जाताना तिची वाट दूध अडवतं. दुधात जी ताकद असते, तीच गोळीच्या आड येते. म्हशीचं घट्ट दूध तर विचारूच नका. तीन वेळा गोळी दिली आणि तीन वेळा तिच्या वाटेत दूध ओतलं. मग विचारलं, "मधे कधी दूध न देता दिली होती का?"

मी नाही म्हणणार होतो. नवसानं हळूच सांगितलं, "सूनबाईनं पान्यासंगं दिलती. हे येवल्याला गेलते तवा."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी चंद्रीकडे बघत राहिलो. दूध म्हणजे अमृत, हे मी आख्ख्या पंचवटीला सांगत फिरलो. मॅडम म्हणाल्या, "काका, चूक आमचीपण आहे. रिकाम्या पोटी म्हणजे दूधही नाही, चहाही नाही, हे फोडून सांगायला हवं होतं. मीच कधी विचारलं नाही." मळमळलं तर गोळीबरोबर कोरडं बिस्कीट किंवा थोडी भाकरी द्यायची. दूध घ्यायचंच असेल तर गोळीनंतर तासाभरानं.

दुपारची गोळी पाण्याबरोबर दिली. पेला मांजरानं प्यायला.

६ ऑक्टोबर

काही लिहावंसं वाटत नाही. नवसा उंबरा ओलांडून गेली, दोनदा.

११ ऑक्टोबर

उद्या दसरा. कुंदन झेंडूची पाटी टाकून गेला. मी तोरणाचा दोरा सुईत ओवायला बसलो, माझ्या डोळ्यांना नेढं दिसेना. नवसा म्हणाली, "आना इकडं." सकाळच्या गोळीला तासभर झाला होता. तिनं सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि दुसऱ्या फेरीत ओवलं. मग एक झेंडू, एक आंब्याचं पान, एक झेंडू. पूर्वीसारखा वेग नाही, मधे हात थांबायचा, पण थरथर अगदी थोडी. दाराच्या मापाचं तोरण तिनं एकटीनं केलं. शेजारच्या इमारतीतली एक बाई बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आम्हालापण करून द्या ना." तर ही म्हणते कशी, "फुलं घेऊन या, बघू."

मी आत जाऊन रडलो. दोन महिने तिचे हात मीच बांधून ठेवले होते.

१२ ऑक्टोबर

सोनं वाटून झालं, कुंदन आणि मनीषा जेवून गेले. नवसाला कुंदनकडे पाठवायचा विषय मी सगळ्यांसमोर रद्द केला. ते गेल्यावर तिच्याजवळ बसलो आणि मनातलं बोललो. म्हटलं, "चंद्री विकून टाकतो. तिच्याकडं बघवत नाय मला. ज्या दुधावर तुला जपलं, त्यानंच घात केला. आता गोळीनंतर तासाभरानंसुद्धा देणार नाय."

ती हसायला लागली. पहिल्यासारखी, मोठ्यानं. पदर तोंडाला लावून हसत होती. मी म्हटलं, हसायला काय झालं?

"मला दूध आवडतच नाय," ती म्हणाली.

"आजारामुळं."

"नाय वो. पयल्यापासून. लहानपनापासून. वास येतो त्याचा मला, पोटात ढवळतं."

"म्हणजे लग्नानंतर..."

"तवाबी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी पयल्या दिवशी पेला घेऊन आले. सासूबाई बघत होत्या. तुमचं तोंड असं झालं होतं, जसं काय राज्य आनलंय. नाय कसं म्हनायचं? मग दुसऱ्या दिवशी आनला. मग राहूनच गेलं."

१३ ऑक्टोबर

नवसाशी बोललो नाही. शेहेचाळीस वर्षं, रोज एक पेला! सांगता येत नव्हतं? मला काय इतका वाईट समजते ती? सकाळी गोळी दिली, पाणी दिलं, बोललो नाही. तीही गुणगुणत भांडी आवरत होती. गुणगुणत! मुद्दाम.

संध्याकाळी विचार केला. आवडत नसताना एवढं दूध मी कुणासाठी प्यायलो असतो? कुणासाठीच नाही. मग बोललो.

२५ ऑक्टोबर

दवाखाना. डॉक्टरांनी नवसाला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, वळायला लावलं. योगिनी मॅडम दारात उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "गोळी लागू पडली आहे. मला भीती होती तो आजार हा नाही." मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून बसवलं.

मग खरंही सांगितलं. हा आजार जाणार नाही. गोळ्या वाढत जातील, वेळा बदलतील, म्हणून दर थोड्या दिवसांनी यायचं, फोन घ्यायचे आणि काहीही लपवायचं नाही. पण पुढची काही वर्षं तिचे हात आणि पाय तिच्या ताब्यात राहतील. मी विचारलं, "किती वर्षं?" नवसाच म्हणाली, "असू द्या वो. जेवढी हायेत तेवढी." या वेळी ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. बाहेर बाकावर नाही.

चंद्री विकायची नाही असंही तिनंच ठरवलं. "तिनं काय केलं बिचारीनं? इमारतीतल्या लोकांना घाला दूध."

२६ ऑक्टोबर

आज पहाटे जाग आली तर नवसा खाटेवर नव्हती. घाबरून उठलो, तर स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज. दारातूनच म्हणाली, "बसा तिथंच, मी आनते." मी बसलो, पण जीव सगळा तिच्या पावलांकडे. आली ती दोन्ही हातांत दोन कप घेऊन. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, खाली बघितलं आणि पाऊल टाकलं. एक थेंब सांडला नाही.

कपात काळं पाणी. म्हटलं, हे काय? म्हणाली, कोरा चहा. न्हाणीमागचा गवती चहा आणि गूळ. घोटीला तिच्या माहेरी गाय नव्हती, म्हैस नव्हती, सकाळी आई हाच द्यायची. भात लावायला चिखलात उतरायच्या आधी सगळी भावंडं चुलीभोवती बसून प्यायची. आमच्या घरात आल्यापासून तिनं तो केला नव्हता. गवळ्याच्या घरात बिनदुधाचा चहा कसा करायचा, म्हणून. हे सांगताना ती कुठंतरी लांब बघत होती. तिची आई मी एकदाच बघितली, लग्नात. त्यानंतर दोन वर्षांत वारली. तिच्याविषयी नवसा एवढं कधी बोललीच नव्हती, का मीच बोलू दिलं नव्हतं, कोण जाणे.

मी घोट घेतला. कडू, घशाला लागणारा, वर गवताचा वास. दुधाशिवाय चहा ही काय प्यायची गोष्ट आहे? पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की बस्स.

"छान झालाय," मी म्हटलं आणि कप रिकामा केला.

"आवडला? मग उद्यापासून रोज सकाळी देते."

आता काय करणार. घेईन.